बांगडीच्या पायाशी तीन

मित्रांनो, मी एक जुनी मण्यांची चौकट आहे. शहाद्याच्या इंग्रजी शाळेत जिन्याखाली एक काळोखी खोली आहे. तिथं मोडकी बाकं आणि फाटके नकाशे यांच्या मागं मी भिंतीला टेकून उभी आहे. माझे काही मणी तडकले आहेत आणि तारांना गंज चढला आहे. आता मला फार बोलवत नाही, खरं तर आठवायचाही शीण येतो. पण तुम्ही H₂O लिहायला लागला आहात असं भिंतीपलीकडून ऐकू येतं, म्हणून एकदाचं सांगून टाकते.

माझा जन्म रनाळ्याचा. चुडामण नावाच्या सुतारानं गाडीच्या कामातून उरलेल्या सागाच्या पट्ट्या जोडून माझी चौकट केली. शिवणीच्या लाकडाचे मणी खरादावर फिरवून गोल उतरवले आणि दहा तारांवर दहा दहा ओवले. गावच्या शाळेत अगदी लहान मुलांच्या वर्गात मला टांगलं. गुळानं चिकट झालेली बोटं दिवसभर माझे मणी इकडून तिकडे सरकवायची. एक, दोन, तीन. पुन्हा एक, दोन, तीन. त्या काळी माझं फार कौतुक होतं. पुढं छापील अंकांचे तक्ते आले आणि मला कडब्याच्या खोलीत नेऊन ठेवलं. तिथं मी किती वर्षं होते ते मला सांगता येणार नाही. घुशींनी माझा एक कोपरा कुरतडला, इतकं आठवतं.

तिथून मला बाहेर काढलं ते दोधू मास्तरांनी. ते रनाळ्याचेच, शेतकऱ्याच्या घरातले. लहानपणी माझ्यावरच मोजायला शिकले होते. आता ते शहाद्याच्या शाळेत गणित शिकवत होते. त्या वर्षी शाळेतले विज्ञानाचे मास्तर नोकरी सोडून आपल्या गावी गेले, आणि हेडमास्तर दोधू मास्तरांना म्हणाले, "दुसरं कोणी मिळेपर्यंत विज्ञान तुम्हीच घ्या." दुसरं कोणी मिळालं नाही. मास्तर स्वतः आदल्या संध्याकाळी धडा वाचायचे आणि सकाळी तो मुलांना शिकवायचे.

रसायनाची समीकरणं मुलांच्या डोक्यात शिरेनात. मास्तर नात्यातल्या एका लग्नाला म्हणून रनाळ्याला आले होते, तेव्हा त्यांना माझी आठवण झाली. त्यांनी मला झटकलं, बैलगाडीत घातलं आणि शहाद्याला आणलं. गाड्या रंगवणाऱ्याकडून माझे मणी रंगवून घेतले. हायड्रोजनचे पांढरे, ऑक्सिजनचे लाल, कार्बनचे काळे, लोखंडाचे निळे. प्रत्येकाला वेगळी तार. चौकटीच्या मधोमध वरून खाली एक दोरा बांधला. दोऱ्याच्या डावीकडं जे पदार्थ एकत्र येतात ते, उजवीकडं जे तयार होतात ते.

मास्तरांचा पहिला धडा नेहमी पाण्याचा असे. हायड्रोजनचे अणू जोडीनं राहतात, म्हणून H₂. ऑक्सिजनचेही जोडीनं, म्हणून O₂. दोन पांढरे आणि दोन लाल मणी डावीकडं घ्यायचे. आता पाणी करा. पाण्यात दोन पांढरे आणि एक लाल. मुलं तेवढे मणी दोऱ्याच्या पलीकडं सरकवत. डावीकडं एक लाल मणी उरायचा.

"हा कुठं जाणार?" मास्तर विचारत.

"टाकून द्या, मास्तर."

"तारेवरचा मणी टाकून देता येतो का? ओढून बघ."

मग एखादा हुशार मुलगा फळ्याकडं जाई आणि H₂O च्या पुढं खाली बारीक दोन लिहून टाकी. H₂O₂. झाले दोन्हीकडं सारखे! दरवर्षी कोणीतरी हे करत असे. दरवर्षी मास्तर डोक्याला हात लावत आणि तेच सांगत, "अरे, तू पाणीच बदललंस. आता हे प्यायला दिलंस तर माणूस आजारी पडेल. डॉक्टर याच्यानं जखमा धुतात. अक्षराच्या पायाशी जो बारीक आकडा असतो त्याला हात लावायचा नाही. तो त्या पदार्थाचा स्वतःचा आहे. आपण फक्त पुढं मोठा आकडा लिहायचा. एका पाण्याच्या ऐवजी दोन पाणी घे. मग पांढरे किती लागतील?"

"चार."

"मग डावीकडं हायड्रोजनच्या जोड्या किती?"

"दोन!"

असं करत 2H₂ + O₂ = 2H₂O फळ्यावर येई. चार पांढरे, दोन लाल, दोन्हीकडं तेच. एकही मणी गेला नाही, एकही नवा आला नाही. मुलांचे चेहरे उजळत. मी मात्र तीच ती चूक आणि तेच ते उत्तर ऐकून दमून जायची. मास्तरही दमायचे. पण वर्गाबाहेर त्यांना करमत नसे. फळ्यापुढं उभं राहिल्याशिवाय दिवस उजाडला असं त्यांना वाटतच नसे.

मग त्यांचे डोळे गेले. एकदम नाही, हळूहळू. आधी पुस्तकातले बारीक आकडे गेले, मग ओळी, मग मुलांचे चेहरे. धुळ्याच्या डॉक्टरनं काचबिंदू सांगितला आणि आता काही करता येणार नाही असंही सांगितलं. मास्तरांनी शाळेत कोणाला कळू दिलं नाही. रस्ता पायाखालचा होता, मुलं आवाजावरून ओळखू येत होती. रोज संध्याकाळी ते मला काखेत मारून घरी नेत. लोकांना वाटे, मास्तरांचा जीव आहे चौकटीवर. खरं कारण घरी होतं. त्यांची बायको कमलबाई.

कमलबाईंना लिहिता वाचता येत नव्हतं. बाजारात लागतात तेवढे आकडे ओळखता येत होते. एका संध्याकाळी मास्तर पुस्तक मांडीवर घेऊन नुसते बसून राहिले. कमलबाई चुलीपासून उठून जवळ आल्या. घरी दोघं अहिराणीत बोलत.

"काय व्हयनं?"

"माले बारीक अक्षर दखास नही, कमल. तू माले वाची दाखाड."

"माले कोठे वाचता येस?"

"वाचू नको. जे दखास ते सांग."

त्यांनी दिवा जवळ ओढला आणि पानावर बोट ठेवलं. बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आठे शिडी शे. तिना पायशी बारीक दोन. मंग बांगडी. तिना पायशी काहीच नही."

मास्तर हसले. किती तरी दिवसांनी हसले. "पाणी शे ते," म्हणाले.

त्या दिवसापासून तसंच सुरू झालं. H म्हणजे शिडी. O म्हणजे बांगडी. लोखंडाचं Fe म्हणजे दोन दातांची फणी आणि तिच्याशेजारी वेटोळं. C पाशी कमलबाई अडल्या. मास्तर म्हणाले, "मोडेल बांगडीगत शे का?" तेव्हा कमलबाई घाईनं म्हणाल्या, "तसं बोलू नका. चांद शे तो." मास्तर कानांनी सूत्र घेत आणि बोटांनी माझ्यावर मांडून बघत. रंग त्यांना दिसत नव्हते, म्हणून कमलबाईंनी विळ्यानं माझ्या लाल मण्यांवर एक खाच पाडली, काळ्यांवर दोन, निळ्यांवर आडवी. मला दुखलं. पण मास्तरांचं बोट पहिल्यांदा त्या खाचेवर थांबलं आणि त्यांना मणी ओळखू आला, तेव्हा मी ते दुखणं विसरले.

असं दोन वर्षं चाललं. कमलबाई दिवसभर शेतात आणि संध्याकाळी पुस्तकाशी. वाचत काहीच नव्हत्या, नुसत्या बघून सांगत होत्या. एकदा त्यांनी विचारलं, "आयका ना, ही बांगडी म्हंजे काय शे?" मास्तर मण्यांत गुंतले होते. "तुले काय करनं शे त्यानं? फुडे सांग," ते म्हणाले. कमलबाई पुढं सांगू लागल्या. पुन्हा त्यांनी विचारलं नाही.

कापसाच्या वेचणीचे दिवस होते. कमलबाई घरी आल्या तेव्हा बोंडांनी त्यांची बोटं ओरबाडून निघाली होती. दुसऱ्या दिवशी शाळेत तपासणीचे साहेब येणार होते आणि धडा होता लोखंडाच्या गंजाचा, नव्या पुस्तकात पहिल्यांदाच आलेला. मास्तर म्हणाले, "समीकरण नको सांगू, ते मी जुळाडस. फक्त सूत्र सांग." हा त्यांचा अभिमान होता. जुळवणी ते स्वतः करत.

कमलबाईंनी पान डोळ्यांजवळ नेलं. "फणी. वेटोयं. पायशी दोन. मंग बांगडी. पायशी..." त्या थांबल्या. दिव्याची काच काजळली होती. "पायशी दोन."

"दोन ना? मंग सोपंच शे," मास्तर म्हणाले. दोन निळे आणि दोन लाल मणी त्यांनी एका दमात पलीकडं सरकवले. दोन्हीकडं सारखे. पुस्तक मिटलं.

मित्रांनो, गंजाचं सूत्र Fe₂O₃ आहे. ऑक्सिजनच्या पायाशी तीन. पण मणी तर जुळले होते. माझ्यावर काहीच उरलं नव्हतं, काहीच कमी पडलं नव्हतं. चुकीच्या सूत्रावरही मी सरळच दिसते. मला आधी जे सांगतात तेच मी मोजते.

सकाळी साहेब वर्गात आले. वयस्क, शांत माणूस. मास्तरांनी गंजाचा धडा छान रंगवून घेतला. बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव, विहिरीचा रहाट, पावसात राहिलेला नांगर, असं काय काय सांगितलं. मग साहेबांनी पुढच्या बाकावरच्या इंद्रसिंगला उठवलं. तो सातपुड्यातल्या पाड्यावरून शिकायला आलेला, उंच, लाजरा मुलगा. त्याला गंजाचं सूत्र लिहायला सांगितलं. त्यानं फळ्यावर Fe₂O₂ लिहिलं.

"नीट आठव," साहेब म्हणाले.

"असंच आहे, साहेब. मास्तरांनी सांगितलं."

"बरोबर आहे, साहेब," मास्तर म्हणाले. "मणीसुद्धा जुळतात. बघा."

साहेबांनी टेबलावरचं पुस्तक उचलून मास्तरांच्या हातात दिलं. "पुस्तकात काय आहे ते मुलांना वाचून दाखवा."

मास्तरांनी पुस्तक उघडलं. अंदाजानं पान काढलं, पानावर बोट ठेवलं आणि स्वच्छ आवाजात म्हणाले, "Fe दोन, O दोन."

पुस्तक उलटं होतं.

वर्गात कोणी हसलं नाही. इंद्रसिंग खडू हातात धरून तसाच उभा राहिला. साहेब पुढं झाले आणि त्यांनी मास्तरांच्या हातातलं पुस्तक हळूच सुलटं केलं. पुस्तक हातात फिरलं तेव्हाच मास्तरांना सगळं समजलं. त्यांचा चेहरा मला अजून दिसतो.

"किती दिवस झाले?" साहेबांनी हलक्या आवाजात विचारलं.

"दोन वर्षं, साहेब."

त्या महिन्याअखेर मास्तर घरी बसले. कोणी अपमान केला नाही. हेडमास्तर स्वतः घरापर्यंत सोडायला आले, मलाही बरोबर घेऊन आले. "ही चौकट तुमचीच आहे," म्हणाले. मास्तरांनी मला खुंटीला अडकवायला सांगितलं आणि परत हात लावला नाही. कमलबाईंना त्यांनी एवढंच सांगितलं की साहेबांना डोळ्यांचं कळलं. साहेबांनी दाखवलेलं दोन आणि तीनचं मात्र काहीच बोलले नाहीत. दिवसभर खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडून राहत. माझ्या तारांवर कमलबाई मिरच्या वाळत घालू लागल्या. तिखटाचा वास मण्यांत मुरला.

परीक्षा जवळ आल्यावर एक दिवस दुपारी इंद्रसिंग दारात आला. मास्तर खाटेवर उठून बसले.

"मास्तर, गंजाचं समीकरण मला जुळत नाही," तो म्हणाला. "नव्या मास्तरांनी तीन सांगितलंय. Fe दोन, O तीन. मी दोन धरायचो तेव्हा लगेच जुळायचं. आता एक लाल मणी नेहमी उरतो."

कमलबाई चुलीपाशी भाकरी थापत होत्या. त्यांचे हात थांबले. "तीन?" त्यांनी विचारलं. "कसाना पायशी तीन?"

इंद्रसिंगला अहिराणी कळत होती. "ऑक्सिजनच्या, बाई. हे O असतं ना, गोल, त्याच्या."

कमलबाई पिठाच्या हातांनी उठल्या. कोनाड्यातून पुस्तक काढलं, दारात उन्हात नेलं आणि पान उघडून बघत राहिल्या. भाकरी तव्यावर करपली.

"तीन शे," त्या म्हणाल्या. "बांगडीना पायशी तीन शे. मीच दोन सांगं. मन्हामुये गयी तुमनी नोकरी. अन् तुम्ही माले बोलनात बी नही."

"तुन्हामुये नही, कमल."

"मंग कोनामुये?"

मास्तर खाटेच्या कडेला सरकले. मग बोलले, ते इंद्रसिंगसमोरच बोलले. "तू विचारं व्हतं माले, बांगडी म्हंजे काय. मी सांगं का? दोन वरीस मी तुना डोया वापरात, अन् तुले कायबी शिकाडं नही. तुले ठाऊक ऱ्हातं तर तू परत दखती."

कमलबाईंनी पदरानं हात पुसले. माझ्या तारांवरच्या मिरच्या काढल्या, मला खुंटीवरून उतरवलं आणि खाटेवर त्यांच्या पुढ्यात ठेवलं.

"मंग आते सांगा," त्या म्हणाल्या.

मास्तरांनी सांगितलं. बांगडी म्हणजे ऑक्सिजन, हवेतला प्राणवायू. कमलबाईंनी विचारलं, "मी फुकणीघाई चुल्हामा फुकस, त्यामा शे का तो?" मास्तर म्हणाले, त्यातही आहे, आणि आपण श्वास घेतो त्यातही आहे. तोच ओल्या लोखंडाला चिकटतो आणि गंज चढतो. कमलबाईंनी माझ्या तारेवर नख घासलं. तांबडी पूड बोटाला लागली. "तेच का हाई?" "तेच," मास्तर म्हणाले.

मग तिघं माझ्यावर वाकले. ऑक्सिजनचे मणी जोडीनं येतात. गंजाला तीन लागतात. एक जोडी घेतली तर कमी पडतं, दोन घेतल्या तर एक उरतो. इंद्रसिंग तिथंच अडकायचा. कमलबाई पहिल्यांदाच स्वतःच्या बोटानं माझे मणी सरकवत होत्या. त्या मनाशी पुटपुटल्या, "जोडीजोडी येतस अन् तीन तीन लागतस. मंग सहा घ्या ना."

तीन जोड्या, सहा लाल. सहा लालांचे दोन गंज. दोन गंजांना निळे चार. 4Fe + 3O₂ = 2Fe₂O₃. इंद्रसिंगनं हातानं मांडी थोपटली. मास्तरांनी बोटं फिरवून डावीकडचे मणी मोजले, उजवीकडचे मोजले. त्या दिवशी ते परत भिंतीकडं तोंड करून झोपले नाहीत.

इंद्रसिंग गेल्यावर कमलबाई म्हणाल्या, "बाकीना पोऱ्हेसले तुम्ही चूक शिकाडेल शे. जाईसन सांगा त्यासले."

"नवा मास्तरनी सांगं व्हई."

"त्यानी सांगं. तुम्ही नही सांगं."

मास्तरांनी चार दिवस टाळाटाळ केली. मग धुतलेलं धोतर नेसले. कमलबाईंनी मला डोक्यावर घेतलं आणि मास्तरांचा हात धरला. हेडमास्तर आम्हाला पाहून उठून उभे राहिले आणि म्हणाले, "आजचा तास तुमचा."

डोक्यावर पदर घेतलेली बाई वर्गात आली तेव्हा मागच्या बाकांवर थोडी खुसखुस झाली. मास्तरांनी फळ्याची कड चाचपली आणि सूत्र लिहिलं. ओळ वर चढत गेली, अगदी फळ्याच्या कोपऱ्यापर्यंत. मग ते वळले.

"मुलांनो, मी तुम्हाला चूक सूत्र शिकवलं. त्याच्यावर मणी जुळले, म्हणून मला ते खरं वाटलं. मणी फक्त मोजतात. पदार्थ कशाचा झाला आहे हे आधी नीट माहीत पाहिजे, आणि माहीत नसेल तर विचारायला पाहिजे. मी विचारलं नाही, आणि मला कोणी विचारलं तेव्हा सांगितलं नाही. आता बघा. मणी या सरकवतील."

कमलबाई माझ्यापाशी आल्या. त्यांनी सहा लाल मणी घेतले, चार निळे घेतले आणि प्रत्येक वेळी कोणता मणी आणि तो का, हे आपल्या बोलीत सांगितलं. खुसखुस कधी थांबली ते कळलंही नाही. इतकी वर्षं मी किती वर्गांत टांगलेली होते, पण माझ्याकडं इतकं निरखून कधी कोणी पाहिलं नसेल.

परत येताना मास्तरांनी विचारलं, "फळ्यावर ओळ सरळ व्हती का?"

"सरळ व्हती," कमलबाई म्हणाल्या.

पुढं काही वर्षं संध्याकाळी ओट्यावर गल्लीतली मुलं येत. त्यांत मुलीही असत. इंद्रसिंग मॅट्रिक पास झाला आणि सातपुड्यात शिक्षक झाला असं आम्ही ऐकलं. मग तापाची साथ आली आणि मास्तर गेले. कमलबाई भावाकडं रनाळ्याला गेल्या. जाण्याआधी त्यांनी मला शाळेत आणून दिलं. "पोऱ्हेसना हातमा ऱ्हाऊ द्या," असं हेडमास्तरांना सांगितलं. ते हेडमास्तर होते तोवर मी वर्गात होते. नंतर मी इथं आले.

मित्रांनो, मला बाहेर काढून रंग द्या असं मी म्हणणार नाही. माझे मणी खिळखिळे झाले आहेत, मला आता विश्रांती हवी आहे. एकच मागणं आहे. तुमच्यासाठी कोणी काही वाचत असेल, लिहीत असेल, उचलून आणत असेल, तर त्यात काय आहे ते त्या माणसाला सांगा. आणि त्यानं विचारलं तर हातातलं काम बाजूला ठेवा.